तापलेल्या पाण्याची खूण

कुर्डुवाडीत पोवळं पाहायचं तर सराफाच्या दुकानात जावं लागतं. मंगळाचा खडा म्हणून अंगठीत बसवतात ते लाल पोवळं समुद्रातल्या अंधाऱ्या, थंड पाण्यात वाढणाऱ्या जातीचं. भूमध्य समुद्र हे त्याचं जुनं घर. ते तिथेच राहू द्या. या लेखातलं प्रवाळ त्याचं लांबच्या भावकीतलं. ते उथळ, उबदार, उजेडाच्या पाण्यात वाढतं, चुनखडीचे खडक बांधतं, आणि आपल्याला त्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा खडकाळ समुद्र. ते अंगठीत कोणी घालत नाही. घालूही नये, कारण २००१ पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला, बसलेली आहेत.

या प्रवाळाबद्दल गेल्या दहाएक वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट पुढे येते आहे. आईबापांनी जे पाणी सोसलं, त्याची खूण डीएनएची अक्षरं न बदलता पोरांच्या पेशींत पोचते. शाळेत आपण शिकलो ते याच्या उलट होतं: लोहाराचे दंड कितीही भरले तरी पोरगं किरकोळच जन्मतं. मग प्रवाळाला ही मुभा कशी मिळाली, हे जरा सावकाश उलगडून पाहू. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी दोनशेहून जास्त किलोमीटर लांब आहे, पण समजून घ्यायला लागणारं बरंचसं सामान गावातच आहे.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते. ओहोटीला गुडघाभर पाण्यात दिसणारा प्रवाळाचा गोळा दिवसा दगडच वाटतो. रात्री त्याच गोळ्यावर विजेरी धरली तर पृष्ठभागावरच्या खळग्याखळग्यांतून बारीक बोटं बाहेर आलेली दिसतात आणि पाण्याबरोबर हलत असतात. प्रत्येक खळग्यात एक जीव आहे, पॉलिप. बहुतेक जातींत तो काही मिलिमीटरांचा. एक पिशवी, तिला एकच तोंड, तोंडाभोवती बोटांचं कडं, बोटांवर डंख मारणाऱ्या पेशी. जेवणही त्याच तोंडाने आत आणि उरलंसुरलं त्याच तोंडाने बाहेर. पिशवीच्या बुडाशी तो चुनखडीची वाटी बांधत राहतो, आणि एका पॉलिपचे दोन, दोनाचे चार होत हजारोंची वसाहत तयार होते. त्या हजारोंचा डीएनए एकच असतो. म्हणून तो गोळा एक प्राणी की हजार, यावर वाद घालायचा तर घालता येतो.

पॉलिपच्या आतल्या पेशींत सोनेरी तपकिरी रंगाची सूक्ष्म शैवालं मुक्काम ठोकून असतात. ती उन्हात साखर करतात आणि तिच्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या मार्गाने येऊ शकते. प्रवाळाचा रंगही बराचसा या पाहुण्यांचाच. पाणी तापलं की शैवालाची उन्हावर चालणारी यंत्रणा बिघडते, तिच्यातून ऑक्सिजनची घातक रूपं गळायला लागतात, आणि पॉलिप शैवालांना बाहेर काढतो. मागे उरते पारदर्शक कातडी आणि तिच्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. प्रवाळ पांढरं पडलं म्हणतात ते हे. त्या घडीला ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर पाहुणे परत येतात. नाही निवलं तर वसाहत मरते.

यासाठी पाणी किती तापावं लागतं? त्या जागच्या सगळ्यांत उष्ण महिन्याची जी नेहमीची सरासरी, तिच्यावर साधारण एक अंश, आणि तो काही आठवडे टिकला तर पुरे. कुर्डुवाडीत मे महिन्यात पारा बेचाळीसवरून त्रेचाळीसवर गेला तर चहाच्या गाड्यावर कोणी त्याचा विषयसुद्धा काढत नाही. प्रवाळासाठी तो एक अंश म्हणजे दुष्काळ.

वरच्या वाक्यात ‘त्या जागच्या’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत, कारण सगळी गोम तिथे आहे. प्रवाळाची सहनशक्ती जागेप्रमाणे बदलते, आणि याचा सगळ्यांत टोकाचा नमुना आपल्याच अरबी समुद्राला लागून आहे.

अबू धाबीसमोरचं इराणच्या आखाताचं पाणी उन्हाळ्यात ३४-३५ अंशांपर्यंत तापतं. हिवाळ्यात तेच पाणी २० अंशांच्याही खाली उतरतं. बाष्पीभवन इतकं, की लिटरमागे मीठ ४० ग्रॅमच्या वर. खुल्या समुद्रात ते ३५ च्या आसपास असतं. पुस्तकाप्रमाणे इथे प्रवाळ असायलाच नको, तरी आहे. त्यातलं एक प्लॅटिगायरा डीडॅलिया. वळ्यावळ्यांचं अंग असलेलं हे प्रवाळ मेंदूच्या प्रवाळांच्या घराण्यातलं. होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून ओमानच्या आखातात फुजैराला या, म्हणजे रस्त्याने अबू धाबीहून काही तासांवर. तिथेही हीच जात आहे. पण तिथलं पाणी काही अंशांनी थंड आणि कमी खारट. अबू धाबीच्या प्लॅटिगायराला जे पाणी रोजचं, त्यात फुजैराचं प्लॅटिगायरा पांढरं पडतं.

जात एक, सोसणं वेगळं. असं का होतं याची उत्तरं किती प्रकारची असू शकतात, हे माढा तालुक्यातला कोणताही ज्वारीचा शेतकरी सांगेल. त्याने कधी त्यांना नावं दिली नसली तरी. रब्बीची ज्वारी आपल्याकडे पाऊस ओसरताना पेरतात आणि ती जमिनीतल्या ओलीवर निघते. घरचं बी ठेवणारा शेतकरी म्हणतो, आमचं बी इथल्या रानाला सरावलेलं आहे. या सरावण्याचे अर्थ तीन. पहिला, पिढ्यान्‌पिढ्या जी ताटं टिकली त्यांचंच बी पुढे गेलं, म्हणजे जनुकांची निवड झाली. सोलापूरच्या वाटेवरच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून एम ३५-१ हे वाण निघालं ते अशाच निवडीतून, फक्त निवड माणसाने केली. दुसरा, यंदा आईचं ताट चांगलं पोसलं, दाणा टपोरा भरला, म्हणून रोप जोमदार आलं. ही आईने दिलेली शिदोरी, तिचा वंशाशी संबंध नाही. आणि तिसरा, आईच्या ताटाने ताण सोसला तेव्हा तिच्या डीएनएवर काही खुणा उमटल्या आणि बियाबरोबर पुढे गेल्या.

तिसऱ्या अर्थाला विज्ञानात एपिजेनेटिक वारसा म्हणतात. मराठीत अधिजनुकीय. वनस्पतींत तो निर्विवाद सापडला आहे. लिनियसने अठराव्या शतकात एका रानफुलाचा विचित्र नमुना नोंदवला होता: नेहमीचं फूल दोन ओठांचं, पण या झाडाची फुलं पाचही बाजूंनी सारखी. १९९९ साली एन्रिको कोएन आणि सहकाऱ्यांनी त्याचं जनुक तपासलं. अक्षरांत काहीच बदल नव्हता. जनुकावर रासायनिक खुणांचा थर बसला होता, आणि तो पिढीमागून पिढी उतरत होता.

ही खूण म्हणजे नेमकं काय? डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, सी आणि जी. त्यातल्या सी या अक्षराला एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा तुकडा, मिथाइल गट, चिकटवता येतो. अक्षर तेच राहतं, वाचलं सीच जातं, पण त्याच्या अंगावर आता काहीतरी आहे.

कुर्डुवाडीच्या यार्डाशी संबंध आलेल्या वाचकाला यापुढचं सोपं जाईल. मालगाडी तपासताना टीएक्सआरला, म्हणजे गाडी तपासनिसाला, एखाद्या वॅगनमध्ये दोष दिसला की तिच्या अंगावर ‘सिक’ अशी खूण पडते. लोखंड तेच, चाकं तीच, नंबर तोच. पण त्या खुणेमुळे ती वॅगन गाडीतून कापली जाते आणि सिक लाईनीवर जाऊन उभी राहते. वॅगनची बनावट म्हणजे जनुकांची अक्षरं. तिचं पुढे काय करायचं ते ठरवणारी खडूची खूण म्हणजे मिथाइल गट. फक्त एका ठिकाणी ही उपमा फसवते. प्रवाळात खूण लागली म्हणजे जनुक बंद पडलं असं बहुधा नसतं. उलट, तिथे या खुणा जास्त करून रोज चालणाऱ्या, पेशीचा घरप्रपंच सांभाळणाऱ्या जनुकांच्या मधल्या भागात आढळतात. माणसाच्या डीएनएत सी-जी अशी जोडी जिथे जिथे येते तिथल्या ७० ते ८० टक्के जागी खूण असते. प्रवाळात बहुतेक जागा रिकाम्या.

मग त्या थोड्या खुणांचं काम काय? सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या मॅन्युएल अरांदा यांच्या गटाने दोन वर्षांहून जास्त काळ वेगवेगळ्या आम्लतेच्या पाण्यात वाढवलेलं स्टायलोफोरा पिस्टिलाटा हे प्रवाळ तपासलं. त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. पाणी जितकं आम्ल, तितक्या खुणा बदललेल्या. आणि पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकांवर त्या बदललेल्या असल्याने पेशींचा आणि पॉलिपांचा आकारही मोठा झालेला. जनुकाच्या मधल्या भागातल्या खुणांचं एक कामही दिसलं. पेशी जनुक वाचते तेव्हा वाचन अगदी सुरुवातीपासून व्हायला हवं. कधी कधी ते भलत्याच ठिकाणी, मध्येच सुरू होतं आणि निरुपयोगी अर्धवट नकला तयार होतात. खुणा दाट असलेल्या जनुकांत हे कमी होतं. म्हणजे खुणांनी जनुकाचा आवाज वाढतो असं नाही, खरखर कमी होते.

पेशी दुभंगताना खूण टिकते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. डीएनएचे दोन धागे समोरासमोर असतात आणि सीच्या समोर नेहमी जी येतो. त्यामुळे एका धाग्यावर सी-जी असेल तर समोरच्या धाग्यावर, उलट दिशेने वाचलं की, तिथेही सी-जीच. खूण दोन्हीकडच्या सीवर असते. पेशी दुभंगताना धागे सुटतात आणि प्रत्येकासमोर नवा कोरा धागा विणला जातो. आता जुन्यावर खूण आहे, नव्यावर नाही. अशी अर्धवट जागा ओळखणारं एक विकर मागोमाग येतं आणि नव्या सीवर खूण लावून जातं. वसाहत वाढते तशी खूणही अशी नक्कल होत होत लाखो पेशींत पसरते. या नकलेत चुका होतात, डीएनएच्या अक्षरांच्या नकलेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणूनच खुणा बदलू शकतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर फार विसंबताही येत नाही.

एवढी बारीक खूण वाचायची कशी? मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. खूण नसलेल्या सीचं त्यात रूपांतर होतं आणि यंत्राला तो टी म्हणून दिसतो. खूण असलेला सी मात्र या प्रक्रियेला दाद देत नाही. समजा मूळ मजकूर आहे ए-सी-जी-टी-सी-ए. प्रक्रियेनंतर यंत्राने वाचलं ए-सी-जी-टी-टी-ए. म्हणजे पहिल्या सीवर खूण होती, दुसऱ्यावर नव्हती. वाचलं ए-टी-जी-टी-टी-ए, तर दोन्हींवर नव्हती. ज्याला आच लागत नाही तो खूण असलेला, असा हा हिशेब. जनुकसंचाचे कोट्यवधी तुकडे असे वाचून मूळ मजकुराशी ताडले, की कुठल्या जागी किती पेशींत खूण आहे याचा नकाशा मिळतो.

आता मुख्य अडचणीकडे. खूण शरीरभर पसरली म्हणून ती पोरांत जाईलच असं नाही. सस्तन प्राण्यांत ती जवळजवळ जात नाहीच. आपल्या गर्भात फार लवकर, अवयव नीट आकाराला येण्याआधीच, पुढच्या पिढीच्या पेशी वेगळ्या काढून ठेवल्या जातात, आणि बाकीच्या शरीराचं पुढे काय होतं याचा त्यांना पत्ता नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी हा पडदा मांडला. शिवाय जननपेशी घडताना एकदा आणि फलनानंतर पुन्हा एकदा, बहुतेक सगळ्या खुणा पुसल्या जातात. वर्कशॉपमध्ये वॅगन पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला, गेली की अंग खरवडून नवा रंग, नवी तारीख. मागच्या खडूचा मागमूस राहत नाही, तसं.

प्रवाळात यातल्या दोन्ही गोष्टी आपल्यासारख्या नाहीत. जननपेशी लहानपणीच बाजूला ठेवायची त्याची रीत नाही. वर्षानुवर्षं उन्हापाण्यात राहिलेल्या ऊतीतूनच त्या घडू शकतात. याचा पुरावा दुसऱ्याच वाटेने आला. कॅरिबियन समुद्रातल्या एल्कहॉर्न प्रवाळाच्या वसाहतींत वाढताना शरीरपेशींत झालेली उत्परिवर्तनं त्यांच्या अळ्यांतही उतरलेली आढळली, आणि २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. प्राण्यांच्या बाबतीत हे ऐकून जीवशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या. झाडाच्या बाबतीत कोणालाच आश्चर्य वाटलं नसतं. डाळिंबाची फांदी वाढता वाढताच तिच्या शेंड्याला कळी धरते, तेव्हा फांदीत झालेला बदल कळीत जाणारच. प्रवाळ या एका बाबतीत झाडाच्या वळणावर गेलेला प्राणी आहे.

राहिला खरवडण्याचा प्रश्न. प्रवाळाच्या जननपेशींतल्या खुणा पुसल्या जातात की जातात तशाच पुढे? हे तपासायला अरांदा यांच्या गटाने अबू धाबीच्या न्यूयॉर्क विद्यापीठातले जॉन बर्ट, एमिली हॉवेल्स आणि इतर यांच्याबरोबर प्लॅटिगायरा घेतलं. यी जिन ल्यू हे पहिलं नाव असलेला तो निबंध २०२० साली आला.

प्लॅटिगायरा वर्षातून एका ठरलेल्या हंगामात, रात्री, बीज सोडतं. एकच वसाहत नर आणि मादी दोन्ही. त्या रात्री प्रत्येक पॉलिपच्या तोंडाशी फिकट गुलाबी मणी येऊन अडकतो. त्यात अंडपेशींचा झुबका आणि मध्ये शुक्रपेशी. थोड्या वेळाने मणी सुटतात आणि स्निग्ध अंड्यांमुळे वर तरंगत जातात. पृष्ठभागावर ते फुटतात, आणि एका वसाहतीचे शुक्र दुसरीच्या अंड्यांना गाठतात. प्रयोगशाळेत हीच वेळ साधायची. वसाहती वेगवेगळ्या टाक्यांत ठेवतात, मणी गोळा करतात, बारीक जाळीतून गाळून अंडी वर ठेवतात आणि शुक्र खाली घेतात. मग ठरवून जोड्या लावता येतात. काही दिवसांत प्लॅन्युला नावाची, नाशपातीच्या आकाराची पोहणारी अळी तयार होते.

यात शुक्रपेशीचं महत्त्व फार. अंडपेशी ही भरलेली शिदोरी असते: चरबी, प्रथिनं, आईची मायटोकॉन्ड्रिया, आणि काही जातींत तर आईची शैवालंसुद्धा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर उष्ण आणि त्या मानाने थंड भागांतल्या अ‍ॅक्रोपोरांचा संकर केला तेव्हा उष्ण भागातल्या आईबापांमुळे अळी उष्णतेत तगण्याची शक्यता दहापटीपर्यंत वाढली, आणि त्यात आईचा वाटा ठळक होता. हे २०१५ चं काम. पण आई म्हटली की शिदोरी आणि वारसा यांची गल्लत होते. शुक्रपेशीकडे मात्र डीएनएखेरीज पोरांना देण्यासारखं जवळजवळ काही नसतं. म्हणून मोठी वसाहत, तिची शुक्रपेशी आणि अळी, असा तिन्ही ठिकाणचा खुणांचा नकाशा काढला. तिघांचे नकाशे जुळले. एखाददुसऱ्या जागी नव्हे, जनुकसंचभर. आणि अबू धाबीच्या वसाहतींतल्या खुणा फुजैराच्या वसाहतींतल्या खुणांहून वेगळ्या होत्या. ज्या जनुकांवर फरक होता त्यांतली काही उष्णता आणि क्षार यांना तोंड देण्याशी जोडलेली. पीओएच झालेली नव्हती, खडू तसाच होता.

वर्तमानपत्रांना इथेच थांबायला आवडतं. प्रवाळ पोरांना उष्णता सोसायला शिकवतं, असा मथळा करायला यात सगळं आहे. मला मात्र इथून पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खूण पोचली हे सिद्ध होणं वेगळं आणि पोचलेल्या खुणेने काम केलं हे सिद्ध होणं वेगळं.

पहिला आक्षेप जनुकांचा. सुमारे १८ ते २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती, आणि आजचं इराणचं आखात तेव्हा कोरडं होतं. आजची तिथली प्रवाळं नंतर पाणी भरत गेलं तेव्हा बाहेरून आलेली. एवढ्या हजार वर्षांत जे सोसू शकले नाहीत ते गेले; म्हणजे मोहोळसारखीच निवड झाली, फक्त माणसाशिवाय. याचा पुरावा हॉवेल्स यांच्याच २०२१ च्या कामात आहे. त्यांनी थंड पाण्यातल्या आयांचा संकर आखातातल्या बापांशी केला, तर अळ्यांचं उष्णतेतलं तगणं ८४ टक्क्यांपर्यंत वाढलं. बाप फक्त शुक्र देतो, तेव्हा शिदोरी बाद झाली. उष्णतेला तोंड देणाऱ्या प्रथिनांशी संबंधित जनुकांत प्रत्यक्ष अक्षरांचे फरकही सापडले. तेव्हा अबू धाबीच्या प्रवाळाच्या कणखरपणाचं मोठं श्रेय जुन्या पद्धतीच्या वारशालाच द्यावं लागतं. इतकंच काय, दोन ठिकाणच्या खुणांतला फरकही काही अंशी अक्षरांतल्या फरकाच्याच मागोमाग आलेला असू शकतो.

हा गुंता सोडवायला प्रवाळाची एक सोय कामी येते. एक वसाहत फोडून तिचे तुकडे वेगवेगळ्या पाण्यात लावता येतात आणि डीएनए सगळ्यांचा एकच राहतो. टेक्सास विद्यापीठातल्या ग्रोव्हज डिक्सन, मिखाइल मॅट्झ आणि सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरियर रीफवर अ‍ॅक्रोपोरा मिलेपोराच्या तुकड्यांची दोन ठिकाणी अशी अदलाबदल केली. २०१८ च्या त्या निबंधात दिसलं की नव्या जागी गेल्यावर खुणा थोड्या सरकतात, आणि ज्या तुकड्यांच्या खुणा तिथल्या मूळ रहिवाशांशी जास्त जुळल्या ते जास्त चांगले नांदले. इथवर खुणांची बाजू वर. पण याच डिक्सन आणि मॅट्झ यांनी २०२२ साली प्रवाळं, त्यांचे भाऊबंद आणि कीटक यांच्यावरच्या बऱ्याच प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. जनुकाच्या मधल्या भागातल्या खुणा बदलल्या म्हणून त्या जनुकाचं काम त्याच दिशेने वाढतं किंवा घटतं, असा संबंध त्यांना मिळाला नाही. स्वतःच्या आवडत्या कल्पनेवर असं पाणी ओतायला धारिष्ट लागतं. खरखर कमी करणं हे खुणांचं काम असेल तर हा निष्कर्ष अरांदा यांच्या २०१८ च्या निष्कर्षांशी भांडत नाही. पण ‘खूण बदलली, जनुक पेटलं’ हे सरधोपट चित्र त्याने निकालात काढलं.

दुसरा आक्षेप पिढ्या मोजण्याचा. काही प्रवाळं बीज पाण्यात सोडत नाहीत, अळी पोटातच वाढवतात. हवाईत हॉली पुटनम आणि रूथ गेट्स यांनी पोसिलोपोरा या अशाच प्रवाळाला अळ्या वाढवण्याच्या काळात उष्ण आणि आम्ल पाण्यात ठेवलं. पुढे त्याच अळ्यांना तसं पाणी दिलं तर न सरावलेल्या आयांच्या अळ्यांपेक्षा त्यांची तब्येत बरी राहिली. २०१५ चा हा प्रयोग फार उद्धृत होतो. पण त्यात अळी आईच्या पोटात असताना स्वतःच ते पाणी सोसत होती. तिला जे मिळालं ते वारशाने की अनुभवाने, हे वेगळं काढता येत नाही. बीज सोडणाऱ्या जातीतसुद्धा आईच्या पोटातली अंडपेशी ताण भोगतेच. म्हणून काटेकोर कसोटी नातवंडांची: आजीला ताण द्यायचा, आई साध्या पाण्यात वाढवायची, आणि नातीत खूण आणि गुण दोन्ही शिल्लक आहेत का ते पाहायचं.

यात मालवण कुठे येतं? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. तिथल्या पोराइट्स आणि टर्बिनारियासारख्या प्रवाळांचं जिणं तसं खडतरच. पावसाळ्यात गड आणि कर्ली या नद्या गढूळ गोडं पाणी आणून ओततात, गाळ बसतो, उजेड कमी होतो. २०१५ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथली प्रवाळं पांढरी पडल्याची नोंद केली. आणि याच किनाऱ्यापासून साधारण शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव धारण करणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. तिथलं पाणी वीसेक मीटर आणि त्याहून खोल, नद्यांच्या गाळापासून लांब, स्वच्छ. अबू धाबी आणि फुजैरासारखी दोन पाण्यांची जोडी म्हणजे आपल्या दारात आहे. दोन्हीकडे मिळणारी एखादी जात निवडून तिचे तुकडे आणि शुक्रपेशी तपासण्यासारखा प्रयोग इथे शोभेल, आणि त्याला अबू धाबीला जायची गरज नाही.

प्रश्न नुसत्या कुतूहलाचाही नाही. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळ वसाहती खडकावरून काढून दुसरीकडे लावल्या. अशी वसाहत हलते तेव्हा जुन्या पाण्यात पडलेल्या खुणा घेऊनच हलते, आणि डिक्सन यांच्या तुकड्यांवरून दिसतं की नव्या पाण्याशी त्या जुळवून घेतात पण अंशतःच. म्हणजे कुठून उचललं आणि कुठे लावलं, यातला पाण्याचा फरक जितका कमी तितकं बरं. रूथ गेट्स आणि मॅडेलिन व्हॅन ओपन यांनी २०१५ साली याच्याही पुढची कल्पना मांडली: लावणीआधी प्रवाळांना टाकीत मुद्दाम थोडा ताण देऊन सरावायचं, कणखर आईबाप निवडून संकर करायचे. डाळिंबाला ताण देऊन बहार धरणाऱ्या आपल्या भागात ही कल्पना कोणाला परकी वाटणार नाही. पण ताण किती द्यायचा याचं गणित डाळिंबात पिढ्यान्‌पिढ्या बसत आलं आहे, प्रवाळात ते अजून मांडलं जातं आहे. खुणांना मर्यादाही आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात आखाताचं पाणी नेहमीच्याही वर तापलं तेव्हा अबू धाबीजवळची, सगळ्या जगात कणखर म्हणून नावाजलेली प्रवाळंही मोठ्या प्रमाणावर मेली.

आणि नातवंडांच्या कसोटीला वेळ लागतो. प्लॅटिगायरासारखं गोळ्याचं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं, अळी खडकाला चिकटल्यापासून पहिलं बीज सोडेपर्यंत चारपाच किंवा त्याहून जास्त वर्षं जातात, आणि मग पुढची संधी वर्षातल्या एखाददुसऱ्या रात्री. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या टाकीत जगवायच्या तर दहाएक वर्षं पाण्याचं तापमान, मीठ आणि उजेड सांभाळत बसावं लागतं. जगभर प्रवाळं एकदम पांढरी पडण्याच्या घटना १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून पुन्हा, अशा आल्या आहेत. प्रयोगातल्या नातीचं बीज हाती येईपर्यंत समुद्रात यातली आणखी एखादी होऊन गेलेली असेल.